जोडीच्या पिकांसाठी वाणांची निवड

एकाच शेतात, एकाच हंगामात दोन पिके घेण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. ज्वारीत तूर, बाजरीत मटकी, गव्हात मोहरी, रब्बी ज्वारीच्या कडेने करडई अशा जोड्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. बियाणे एकत्र मिसळून पेरले तर त्याला मिश्र पीक म्हणतात. मुख्य पिकाच्या ठरावीक ओळींनंतर दुसऱ्या पिकाच्या ठरावीक ओळी पेरल्या तर त्याला आंतरपीक म्हणतात. कोणते पीक कोणत्या पिकाबरोबर घ्यावे याविषयी बरेच बोलले जाते; परंतु त्या पिकाचा कोणता वाण घ्यावा, हा प्रश्न मागे पडतो. वस्तुतः जोडी जमते की मोडते हे बऱ्याचदा पिकाच्या नावावर नव्हे, तर वाणाच्या स्वभावावर ठरते.

ज्वारी आणि तूर ही महाराष्ट्रातील सर्वांत परिचित जोडी घेऊन हे समजून घेऊ. ज्वारी उगवताच जोमाने वाढते. तिची तंतुमय मुळे जमिनीच्या वरच्या थरात दाट पसरतात आणि तेथील ओल व नत्र शोषून घेतात. तूर मात्र सुरुवातीचे दीड-दोन महिने फार संथ असते. त्या काळात ती जमिनीवर फारशी दिसत नाही. तिचे सोटमूळ खाली उतरत असते. ज्वारी कापली गेली की तुरीला ऊन मिळते, फांद्या फुटतात, आणि वरचा थर कोरडा पडला तरी खोलवरच्या ओलीवर ती फुलते. म्हणजे दोन्ही पिके एका शेतात असली तरी त्यांची भूक एका वेळी आणि एका ठिकाणी नसते. जोडीचा खरा लाभ यातच आहे. तूर आपल्या मुळांवरील गाठींतून ज्वारीला नत्र पुरवते, असे अनेकदा सांगितले जाते; ते त्या हंगामापुरते फारसे खरे नाही. तूर स्वतःची गरज हवेतील नत्रातून बरीचशी भागवते, म्हणून जमिनीतील नत्र ज्वारीला राहते, इतकेच. तुरीच्या गळलेल्या पाल्याचा फायदा पुढच्या पिकाला मिळतो.

आता यात वाणाचा संबंध कोठे येतो? जुनी खरीप ज्वारी साडेचार ते पाच महिने उभी राहत असे आणि पुरुषभर उंचीच्याही वर जात असे. ती कापणीला येईपर्यंत मार्गशीर्ष उजाडे. तूर तोपर्यंत तिच्या सावलीतच फुलोऱ्यावर येई. तूर मिळे, पण थोडी, घरच्या डाळीपुरती. शेतकऱ्याची त्याबद्दल तक्रारही नसे, कारण त्याला ज्वारी आणि कडबा हवा असे. तूर ही वरकड प्राप्ती होती. १९६४ साली सीएसएच-१ हा भारतातील पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला. त्याची उंची छातीइतकी आणि तो सुमारे शंभर दिवसांत तयार होणारा. पुढे सीएसएच-५, सीएसएच-९, सीएसएच-१४ असे वाण आले. जूनच्या अखेरीस पेरलेली ही ज्वारी ऑक्टोबरच्या सुमारास शेतातून निघू लागली. १७० ते १८० दिवसांच्या तुरीला नेमका त्याच सुमारास फुलोरा येतो. त्यामुळे त्याच दोन पिकांची तीच जोडी वाण बदलताच निराळी झाली. तूर वरकड न राहता बाजारात नेण्याजोगे पीक बनली.

यावरून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निकष मिळतो, तो म्हणजे दोन्ही वाणांच्या कालावधीतील अंतर. तृणधान्य आणि त्याचे सोबती पीक यांच्या पक्वतेत दोन महिन्यांच्या आसपास अंतर असेल तर दोघांनाही मोकळीक मिळते. बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राची उदाहरणे घेऊ. बीडीएन-७११ ही तूर सुमारे १५० ते १५५ दिवसांत येते. बीएसएमआर-७३६ ही तूर त्याहून तीन-चार आठवडे अधिक घेते. शंभर दिवसांच्या ज्वारीबरोबर कालावधीच्या अंतराचा विचार केला तर दुसरी अधिक सोयीची वाटते. परंतु येथे जमीन मध्ये बोलते. खोल काळ्या जमिनीत डिसेंबरपर्यंत ओल टिकते, म्हणून उशिराची तूर तेथे भरते. मध्यम किंवा हलक्या जमिनीत नोव्हेंबरमध्येच भेगा पडतात. तेथे तीच तूर फुलते आणि शेंगा पोचट राहतात. अशा जमिनीत लवकर येणारी तूर घेणे भाग आहे. मग अंतर राखायचे तर तृणधान्यच आणखी लवकर येणारे हवे. ज्वारीऐवजी ७५ ते ८५ दिवसांची बाजरी घ्यावयाची, हा त्यावरचा साधा उपाय आहे. सोलापूर, अहिल्यानगर, सांगलीच्या पूर्व भागात बाजरी आणि तूर ही जोडी रुजली, तिचे एक कारण हेच.

या अवर्षणप्रवण पट्ट्यात पाऊस साधारणपणे ५०० ते ७५० मिलिमीटर पडतो, आणि तोही दोन तुकड्यांत. जून-जुलैमध्ये काही सरी येतात, ऑगस्टमध्ये खंड पडतो आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा पाऊस येतो. कोणते पीक या खंडात सापडेल हे पेरताना सांगता येत नाही. ऑगस्ट कोरडा गेला तर बाजरीचे कणीस भरत नाही. पण तूर त्या वेळी वाढीच्या अवस्थेत असते, ती तग धरते आणि सप्टेंबरच्या पावसावर सावरते. उलट सप्टेंबर-ऑक्टोबर कोरडा गेला तर बाजरी घरात आलेली असते. १९७२ सारख्या वर्षी, जेव्हा पाऊस जवळपास सगळीकडेच फसला, तेव्हा कोणतीही जोडी पुरी पडली नाही हे खरे. पण तशी वर्षे विरळ असतात. अर्धवट फसणारी वर्षे नेहमीची असतात. त्या वर्षांत दोन पिकांचे नाजूक काळ एकाच पंधरवड्यात येऊ नयेत, एवढी दक्षता वाण निवडताना घेतली तर घरातील कणगी पूर्ण रिकामी राहत नाही.

कोरडवाहू शेतीचा असा शास्त्रीय विचार सोलापुरात बराच आधी सुरू झाला. १९३३ ते १९३५ या काळात त्या वेळच्या इम्पीरियल कृषी संशोधन परिषदेने कोरडवाहू संशोधनाची पाच केंद्रे उभारली. सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर ही चार दख्खनेत आणि पाचवे उत्तरेत रोहतक येथे. रोहतक आज दिल्लीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. काळ्या मातीचे सोलापूर आणि वालुकामय मातीचे रोहतक यांना एकाच प्रश्नाने जोडले होते; मात्र दोन्हीकडील उत्तरे सारखी नाहीत, आणि ती का नाहीत हे पाहणे उद्बोधक आहे.

दिल्लीच्या दक्षिणेस व पश्चिमेस रेवाडी, महेंद्रगड, भिवानी हा बाजरीचा मुलूख. तेथे पावसाळा लवकर आटोपतो आणि त्यानंतर लगेच त्याच शेतात मोहरी पेरायची असते. म्हणून हिसारच्या कृषी विद्यापीठाने १९९० साली दिलेला एचएचबी-६७ हा जेमतेम ६५ दिवसांचा संकरित वाण तेथे लोकप्रिय झाला; २००५ साली केवडा रोगाला अधिक प्रतिकार करणारी त्याची सुधारित आवृत्ती आली. अशा बाजरीत सहा महिन्यांची तूर पेरली तर मोहरीची वेळ टळेल. तेथे सोबत लागते मुगाची, मटकीची किंवा गवारीची. पण मूगही ६०-६५ दिवसांचाच! मग कालावधीच्या अंतराचा नियम गेला कोठे? तो येथे लागू पडत नाही. त्याची जागा उंचीचा आणि पसाऱ्याचा विचार घेतो. बाजरीचा वाण कमी फुटव्यांचा आणि सरळ वाढणारा असावा, तिच्या ओळींतील अंतर थोडे वाढवावे, आणि मूग बुटका, एकदम शेंगा धरणारा, पिवळ्या मोझॅक रोगाला बळी न पडणारा असावा. वेळ वाटून घेता येत नसेल तर जागा वाटून घ्यावी लागते.

याच भागात एक जुनी चाल होती. गहू आणि हरभरा एकत्र मिसळून पेरत, एकत्र कापत, एकत्र मळत आणि त्या मिश्र धान्याचे पीठ करून भाकरी भाजत. या मिश्रणाला ‘गोचनी’ म्हणत. जव आणि हरभऱ्याच्या मिश्रणाला ‘बेझड’. येथे तर नियम अगदी उलटा होतो. दोन्ही पिके एकाच दिवशी विळ्याखाली येणार असल्यामुळे ती एकाच वेळी पक्व होणे आवश्यक. गहू आधी वाळला तर दाणे झडतील, हरभरा आधी वाळला तर घाटे फुटतील. जुन्या उंच, कमी पाण्यावर येणाऱ्या गव्हाची आणि हरभऱ्याची गरज जवळपास सारखी होती, म्हणून ते जमून जाई. १९६६ साली मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे सुमारे १८,००० टन बियाणे आयात झाले आणि पुढे कल्याणसोना, सोनालिका यांसारखे वाण पसरले. या गव्हाला भरपूर नत्र आणि वारंवार पाणी हवे. हरभऱ्याला तेवढे पाणी दिले तर तो नुसता पाल्याने माजतो किंवा मुळे कुजून मरतो. नव्या गव्हाने जुना सोबती सोडला तो असा. गव्हाचे उत्पन्न वाढले यात शंका नाही. पण त्या घरांच्या ताटातून डाळीचा अंश कमी झाला, याची मोजदाद त्या वेळी फारशी कोणी केली नाही. आज त्या भागात गव्हाच्या नऊ ओळींनंतर मोहरीची एक ओळ अशी शिफारस आढळते. मोहरी उंच आणि फांद्यांनी पसरणारी असल्यामुळे तिला एवढे विरळ ठेवावे लागते. गव्हाआधी ती कापणीस येते, म्हणून ती ओळीत असणेच इष्ट. विखरून फेकलेली मोहरी उभ्या गव्हातून काढताना गहू तुडवला जातो.

वाण निवडताना उंची आणि ठेवण यांकडे याच दृष्टीने पाहावे. तृणधान्य बुटके व उभट पानांचे असेल तर खालच्या पिकापर्यंत ऊन पोहोचते. तूर मात्र कोणती घ्यावी? येथे एक सहज होणारी चूक टाळली पाहिजे. सलग पिकासाठी उत्तम ठरलेला वाण आंतरपिकासाठीही उत्तम ठरेल असे नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने पुसा अरहर-१६ हा तुरीचा वाण तयार केला. तो सुमारे १२० दिवसांत येतो, बुटका व आटोपशीर असतो, सर्व शेंगा जवळपास एकदम धरतो. दाट पेरून यंत्राने कापण्याजोगा आहे. तुरीनंतर वेळेवर गहू पेरू इच्छिणाऱ्यास तो वरदानच. पण शंभर दिवसांच्या ज्वारीत तो पेरला तर ज्वारी निघेपर्यंत त्याचे आयुष्य संपत आलेले असेल. मोकळे झालेले ऊन आणि जागा वापरण्यास त्याच्याजवळ ना वेळ असेल, ना फांद्या. आंतरपिकाला हवी असते आधी दबून राहणारी आणि नंतर पसरणारी तूर. बदनापूर, राहुरी, अकोला येथील मध्यम कालावधीचे वाण या कामी अधिक उपयोगी पडतात, ते त्यांच्या या सवयीमुळे.

तुरीच्या वाणात रोगप्रतिकार पाहणेही अत्यावश्यक आहे, कारण मर रोग आणि वांझ रोग हे तिचे दोन मोठे शत्रू. बीएसएमआर-७३६ सारखे वाण दोन्हींना तोंड देतात. ज्वारीबरोबर घेतलेल्या तुरीत मर रोगाचे प्रमाण सलग तुरीपेक्षा कमी राहते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. तरीही सोबतीच्या भरवशावर रोगाला बळी पडणारा वाण निवडणे शहाणपणाचे नव्हे.

आतापर्यंतच्या विवेचनावरून वाटेल की तृणधान्य जितके बुटके व लवकर येणारे तितके चांगले. तुरीच्या बाजूने पाहिले तर ते बरोबर आहे. शेतकऱ्याच्या घराच्या बाजूने पाहिले तर तसे नाही. बुटक्या संकरित ज्वारीचा कडबा कमी निघतो आणि जनावरे तो जुन्या ज्वारीइतक्या आवडीने खात नाहीत. दारी बैलजोडी आणि म्हैस असलेल्या माणसाला हा तोटा क्षुल्लक नाही. दुसरे असे की, सप्टेंबरात दाणे भरणारी ज्वारी परतीच्या पावसात सापडली तर बुरशीने काळी पडते. काळ्या पडलेल्या ज्वारीला बाजारात भाव नसतो आणि तिची भाकरीही घरात कोणाला रुचत नाही. जुनी ज्वारी पाऊस सरल्यावर पक्व होई, म्हणून ती शुभ्र राही. तेव्हा अगदी लवकर येणाऱ्या वाणापेक्षा दहा-बारा दिवस उशिरा येणारा, थोडा उंच, बुरशीला बऱ्यापैकी प्रतिकार करणारा वाण घेऊन तुरीचे थोडे नुकसान सोसणे अनेक घरांना परवडते. शिफारशीच्या तक्त्यात हा हिशेब दिसत नाही. तो ज्याचा त्यानेच करावयाचा असतो. मराठवाडा-विदर्भातील खरीप ज्वारीचे क्षेत्र गेल्या काही दशकांत फार घटले आणि तिची जागा सोयाबीनने घेतली, यामागेही काळी पडणारी ज्वारी हे एक कारण आहे. तेथे आता तुरीची सोबत बहुधा सोयाबीनला असते.

आणखी एक बाब फारशी कोणी समजावून सांगत नाही. वाणाचा कालावधी दिवसांत छापलेला असतो. परंतु सर्वच वाण दिवस मोजत नाहीत. मध्यम व उशिराची तूर दिवस लहान होऊ लागले की फुलते. ती जूनच्या मध्यावर पेरा की जुलैच्या मध्यावर, फुलोऱ्याच्या तारखेत महिनाभराचा फरक पडत नाही. झाडच लहान राहते आणि कालावधी आखडतो. संकरित ज्वारी मात्र पेरल्यापासून तिचे शंभर दिवस घेतेच. पाऊस लांबून पेरणी महिनाभर उशिरा झाली तर ज्वारीची कापणी पुढे सरकते, तुरीचा फुलोरा जवळपास होता तेथेच राहतो, आणि दोघांमधील अंतर आपोआप मिटते. पुस्तकात योग्य ठरलेली जोडी त्या वर्षी अयोग्य ठरते. शिवाय उशिराच्या ज्वारीवर खोडमाशीचा उपद्रवही वाढतो. म्हणून पेरणी लांबल्यास ज्वारीचा आग्रह सोडून लवकर येणाऱ्या बाजरीकडे वळावे आणि तुरीच्या ओळी किंचित जवळ घ्याव्यात.

वाण ठरले की ओळींचे प्रमाण ठरवणे सोपे जाते. बाजरी-तुरीसाठी २:१ आणि ज्वारी-तुरीसाठी ४:२ ही प्रमाणे प्रचलित आहेत. विदर्भात कपाशी, ज्वारी, तूर, ज्वारी यांचे ६:१:२:१ असे प्रमाणही सुचवले जाते. ही प्रमाणे आकडेमोडीतून आली असे वाटते. पण तीन दात्यांच्या तिफणीशी पहिल्या दोन्हींचा छान मेळ बसतो. चाड्याचे मधले छिद्र बुजवून त्या ओळीत मोघणाने तूर सोडली तर प्रत्येक फेरीत बाजरी, तूर, बाजरी अशा ओळी पडतात आणि शेतभर २:१ साधते. मधल्याऐवजी कडेच्या ओळीत तूर सोडली, तर जाताना ज्वारी, ज्वारी, तूर आणि शेजारून परतताना तूर, ज्वारी, ज्वारी असा क्रम येतो. तुरीच्या दोन ओळी शेजारी येतात आणि पुढच्या फेऱ्यांत ज्वारीच्या चार ओळी एकत्र पडतात. हेच ४:२. कागदावर सहा-सात फेऱ्या काढून पाहिल्यास ते लगेच ध्यानात येईल. पसरणाऱ्या तुरीला ४:२ मध्ये बाहेरच्या बाजूने ज्वारीची रिकामी झालेली जागा मिळते. आटोपशीर वाढणाऱ्या तुरीला २:१ अधिक मानवते.

रब्बी हंगामात चित्र पुन्हा बदलते. मंगळवेढ्याची प्रसिद्ध मालदांडी ज्वारी, म्हणजे एम ३५-१ हा वाण, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात आणि तो साठलेल्या ओलीवरच वाढतो. दोन पिकांना वाटून देण्याइतके पाणी जमिनीत नसते, म्हणून तेथे दाट आंतरपीक घेण्याचे धाडस सहसा करू नये. कडेने करडईचे पाटे मात्र पूर्वीपासून असतात. करडईचे मूळ खोल जाते, आणि तिच्या काट्यांमुळे मोकाट गुरे शेतात शिरत नाहीत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने नारी-६ हा बिनकाट्यांचा करडईचा वाण दिला आहे. हाताने काढणी करणाऱ्या आणि पाकळ्या वेचणाऱ्या स्त्रियांना त्यामुळे मोठाच दिलासा मिळतो. पण ज्याने करडई कुंपण म्हणून पेरली आहे, त्याला तो काय कामाचा?

आपली जोडी जमली की नाही हे अंदाजाने ठरवू नये, मोजून पाहावे. त्यासाठी जमीन-समतुल्य गुणोत्तर ही रीत वापरतात. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत (इक्रिसॅट) रे विली यांनी आंतरपिकांचा विस्तृत अभ्यास केला व ही रीत रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. समजा, सलग ज्वारी हेक्टरी २० क्विंटल आणि सलग तूर १० क्विंटल येते. जोडीने पेरलेल्या एका हेक्टरात १७ क्विंटल ज्वारी आणि ६ क्विंटल तूर मिळाली. १७ भागिले २० म्हणजे ०.८५, ६ भागिले १० म्हणजे ०.६०. बेरीज १.४५ आली. याचा अर्थ, जोडीच्या एका हेक्टराइतके उत्पन्न सलग पिकांतून काढायला १.४५ हेक्टर जमीन लागली असती. आता त्याच शेतात उंच, उशिराची ज्वारी घेतली आणि १८ क्विंटल ज्वारी व २ क्विंटल तूर आली, तर बेरीज १.१० इतकीच होते. ज्वारी वाढलेली दिसते, पण जोडी दुबळी आहे. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्यक्षात तुलना करताना तेच वाण, तेच वर्ष आणि तीच जमीन असली पाहिजे. म्हणून शेताच्या एका कोपऱ्यात दोन्ही वाणांचे लहानसे सलग तुकडे पेरून ठेवावेत. या गुणोत्तरात कडबा येत नाही, तुरीचा चढा भाव येत नाही आणि तुऱ्हाट्यांचे सरपणही येत नाही. ते सर्व वहीत वेगळे मांडावे.

बियाणे घेताना पिशवीवरील खूणचिठ्ठी वाचून तीन गोष्टी टिपून घ्याव्यात: वाणाचे नेमके नाव, त्याचा प्रकार (संकरित की सरळ वाण) आणि त्याची वैधता संपण्याची तारीख. संकरित ज्वारी-बाजरीचे बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते. तुरीच्या सरळ वाणाचे बियाणे घरचे राखता येते. मात्र मधमाश्यांमुळे तुरीत बरेच परपरागीभवन होते, म्हणून शेजारच्या शेतात वेगळा वाण असेल तर चार-पाच वर्षांत आपल्या तुरीची मूळ सवय बदलते. १५० दिवसांची म्हणून राखलेली तूर मग अर्धी आधी आणि अर्धी नंतर पिकू लागते. असे दिसू लागले की बियाणे बदलावे आणि नव्या वाणाची जोडी पहिल्या वर्षी दोन-चार फेऱ्यांपुरतीच पेरून पाहावी.